पाइप : बदल नाही

माझं काम काय, हे अख्ख्या येडगावात एकट्या माझ्या वडिलांनी समजून घेतलंय आणि ते सगळ्यांना आपल्या पद्धतीनं सांगून टाकलंय. "आमची हर्षाली समुद्रात जहाजांना दावं बांधती," असं तात्या नारायणगावच्या बाजारापासून ओतूरच्या एसटी स्टँडपर्यंत कुणालाही ऐकवतात. ऐकणारा मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. पूर्वी मला राग यायचा. राग मला लवकर येतोच, आणि चेन्नईला जाऊन एवढं शिकलेल्या बाईला गोठ्यातल्या कामावर बसवलं की तो येणारच. हल्ली मी काही बोलत नाही, कारण सगळी गणितं बाजूला काढली तर उरतं ते तेवढंच.

तेलाचं मोठं जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही, त्याला खोल पाणी लागतं. म्हणून किनाऱ्यापासून आठ-दहा किलोमीटर आत एक लोखंडी बोया तरंगता ठेवतात, आमच्या गोठ्याहून थोडा मोठा, गोल. त्याला सहा दिशांनी सहा साखळ्या आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला तळात रुतवलेला नांगर. जहाज येतं, आपलं नाक जाड दोरानं बोयाला बांधतं आणि वारा फिरेल तसं खुंट्याच्या बैलासारखं त्याच्याभोवती फिरत राहतं. जहाजातलं तेल तरंगत्या पाइपांनी बोयात येतं, बोयाच्या पोटाखालून जाड रबरी पाइप समुद्राच्या तळाशी जातो, तिथून लोखंडी पाइपलाइन जमिनीवरच्या टाक्यांपर्यंत. साखळी किती जाड, किती लांब आणि किती ताणलेली, हे मी ठरवते. पुण्यात आमचं वीस माणसांचं डिझाइन ऑफिस आहे. करोनात घरून काम सुरू झालं ते माझ्यापुरतं चालूच राहिलं, त्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस मी येडगावातून समुद्राची कामं करते.

त्या मंगळवारी सकाळी सहा वाजता आमच्या एका बोयाला डिझेलचं जहाज बांधलं होतं. रिकामं व्हायला छत्तीस तास लागणार होते. अरबी समुद्रात खूप लांब एक वादळ तयार होत होतं. ते किनाऱ्याकडे येणार नव्हतं, पण त्याच्या लाटा येणार होत्या. चिंतेचं कारण नव्हतं. अडीच मीटरच्या लाटेपर्यंत जहाज बांधलेलं ठेवायला हरकत नाही असं बोयाच्या नियमपुस्तकात लिहिलंय, आणि तो अडीचचा आकडा माझा आहे. दर तासाला लाटेची उंची आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येत होती. नऊला एक मीटर वीस. मी चहा घेत ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

या बोयाचं मला विशेष कौतुक होतं. डिसेंबरात तो बसवताना सहापैकी एका नांगराखाली चिखल मऊ निघाला. साखळी ठरल्याप्रमाणे ताणली की नांगर सरकायचा. ठेकेदार म्हणाला, नांगर काढून दुसरीकडे टाकू, दोन महिने जातील. सगळं ऑफिस डोक्याला हात लावून बसलं. मी म्हटलं, नांगर राहू द्या, सहाही साखळ्या चार-चार कड्यांनी सोडा. ढील दिली की हिसका कमी बसतो, हिसका कमी बसला की मऊ चिखलातला नांगरही धरतो. दोन दिवसांत गणित करून दाखवलं आणि ते बरोबर आलं. आमच्या मुख्य इंजिनिअर रत्ना मॅडम सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत, त्यांनी सगळ्यांसमोर मला उभं करून विचारलं, हे सुचलं कुठून? मी खरं ते सांगितलं. येडगावच्या धरणात आमच्या मोटारीचा तराफा आहे, आणि दहा वर्षांची असल्यापासून मी त्याचा दोर सोडत आलेय. दोर ताणून बांधायचा नसतो हे मला पुस्तकाच्या आधी ठाऊक होतं.

तात्यांना हे फोनवर सांगितलं, तर पठ्ठ्यानं दुसऱ्या दिवशी वारूळवाडीत माझ्या मावशीकडे जाऊन पेढे वाटले.

साडेनऊला शेजारचा गोकुळ ओरडत आला. डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं होतं. धरणातून कालव्याला पाणी सोडलं की फुगवट्याचं पाणी भराभरा मागे सरकतं, आणि काठाजवळचे तराफे हलवले नाहीत तर मोटारीसकट गाळात बसतात. त्या आठवड्यात काठावर हेच चालतं. जो तो आपला दोर सोडतो, तराफा आत ढकलतो आणि दुसऱ्याचा अडकला तर पाण्यात उतरतो. गोकुळचा रात्रीच हलवून झाला होता. "तात्या, तुमचा बसंल हां घटकाभरात," तो म्हणाला. तात्या गुडघा धरून उठले. त्यांचं वय सदुसष्ट आणि तो गुडघा, माझ्या मते, नव्वदीचा आहे. मी पायात चप्पल अडकवून निघाले. लॅपटॉप ओट्यावरच राहिला.

आमचा तराफा म्हणजे आठ निळे ड्रम, वर लोखंडी सांगाडा आणि त्यावर साडेसात हॉर्सपॉवरची मोटार. दोन दोर काठावरच्या खुंट्यांना, आणि पाण्याच्या बाजूला दगड भरलेल्या पोत्याचा नांगर. मोटारीपासून काळा पाइप काठावर येतो, तिथं त्याचं एक मोठं वेटोळं जास्तीचं ठेवलेलं असतं, आणि मग तो वर उसाकडे जातो. हलवायची आमची रीत ठरलेली आहे. मी दोर सोडायचा, तात्यांनी पाइप सोडायचा. मोटार बंद करायची नाही, कारण लाइट आठच तास असते आणि त्यातलं मिनिट वाया घालवलं तर तात्यांना जेवण जात नाही.

मी खुंट्यापाशी बसले, गाठ सोडली आणि दोर हातातून सोडायला लागले. वारा काठाकडून पाण्याकडे होता, तराफा आपणच आत निघाला. मला त्या कामात सुख वाटतं. दोर किती सोडायचा ते हाताला कळतं, डोकं लागत नाही. मी तीन हात सोडला, मग आणखी दोन. तात्या वेटोळ्याकडे पोचले की नाही हे मी बघितलंच नाही. ते कधी पोचले नव्हते असं झालंच नव्हतं.

ते वाटेतच होते. उतारावर गुडघ्यानं दगा दिला आणि ते दगड धरून उभे राहिले होते. वेटोळं दगडाखाली अडकलं होतं. पाइप पाण्यावरून उचलला गेला, सरळ झाला, एक क्षण तसाच ताठ राहिला, आणि काठावरचा जोड फटकन निसटला. पाण्याचा लोट दोन पुरुष वर गेला. सुटलेलं टोक जमिनीवर आपटत तात्यांच्या डोक्याजवळून गेलं आणि ते मागे मातीत बसले. गोकुळनं पळत जाऊन स्टार्टरच्या पेटीतलं बटण दाबलं. सगळं शांत झालं तेव्हा दोर अजून माझ्या हातात होता.

मी धावत गेले. तात्यांना काही लागलं नव्हतं. सदऱ्यावरचा चिखल झटकत ते कुरकुरले, "दोर सोडला की पाइप बी सोडाया लागतो. मीच मागं पडलो."

मी त्यांना उठवायला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

डिसेंबरातल्या त्या दुरुस्तीचा एक तक्ता होता, एका पानाचा. साखळ्या सोडल्यामुळे काय काय बदलतं ते त्यात लिहायचं होतं. साखळी : तपासली. नांगर : तपासला. जहाजाचा दोर : तपासला. चौथ्या ओळीत बोयाखालचा रबरी पाइप होता. साखळ्या ढिल्या केल्या की बोया जास्त सरकणार, आणि बोया जास्त सरकला की त्याच्या पोटाला बांधलेल्या पाइपाला जास्त लांबी लागणार, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. त्या ओळीपुढे मी लिहिलं होतं, पाइप : बदल नाही. लिहिताना हात अडखळला नव्हता. मी पाइपाचा हिशेब चुकवला नव्हता, मी तो केलाच नव्हता. माझ्या डोक्यात काठावर एक वेटोळं जास्तीचं पडलेलं होतं आणि ते सोडायला कुणीतरी उभं होतं. समुद्रात बोयाखाली वेटोळं नसतं. तिथला पाइप मापात कापलेला असतो.

त्यानंतर तीन जहाजं रिकामी होऊन गेली होती, हिवाळ्यात, तळ्यासारख्या समुद्रात. लाटा आज पहिल्यांदा येणार होत्या.

तात्यांना गोकुळच्या हवाली करून मी स्कूटीवरून घरी आले. ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि बोयाचं जुनं गणित काढून त्यात पाइप घातला. मशीनला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात ग्रुपवर अकराचा आकडा आला, एक मीटर चाळीस. मी देवाला मानत नाही, पण तेव्हा मनात म्हटलं, माझं चुकलेलं असू दे, म्हणजे आत्ताचं चुकलेलं असू दे. तेवढ्यात तात्या आणि गोकुळ आले. माझं तोंड बघून दोघंही पायरीवर बसले.

उत्तर आलं. लाट पावणेदोन मीटरला गेली की पाइप पूर्ण ताणून सरळ होतो. त्यानंतरची प्रत्येक लाट तळाच्या जोडाला हिसका देणार. अंदाजात दुपारी चारला दोन मीटर वीस दिसत होतं. तिथली माणसं मात्र अडीचच्या भरवशावर होती. त्यांच्या हिशेबानं त्यांच्याकडे उद्यापर्यंत वेळ होता, माझ्या हिशेबानं तीन तास. पाइपातून तासाला हजारो टन डिझेल जोरानं जात होतं, आणि पाइपांवर लक्ष ठेवायला बोयाला लागून एक छोटी बोट उभी होती. तिच्यात चार माणसं होती. जोड सुटला तर डिझेल त्यांच्याच खालून वर येणार होतं.

मी रत्ना मॅडमना फोन लावला. दोनदा कट झाला, आमच्याकडे रेंज अशीच. तिसऱ्यांदा लागला. मी सगळं सांगितलं, तक्त्यातल्या ओळीसकट. मग म्हणाल्या, गणित पुन्हा बघितलंस का? म्हटलं, दोनदा. त्या म्हणाल्या, जहाजावर कळव की हवामान बिघडतंय, खबरदारी म्हणून थांबा. बाकीचं आपण नंतर नीट कागदावर मांडू. आणि शेवटी म्हणाल्या, "तुझ्या सहीखाली माझीही सही आहे, हर्षाली."

त्या वाईट नाहीत. त्या जागी मी असते तर मीही हेच सुचवलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला केवढं हायसं वाटलं. हवामानावर ढकलायचं. हवामान काही तक्रार करायला येत नाही.

जहाज बांधण्या-सोडण्याचा हुकूम तिथल्या मूरिंग मास्टरचा असतो. जुने कॅप्टन, जहाजावरच असतात, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतात. त्यांना फोन लावला आणि मॅडमनी सांगितलं तसंच सांगितलं. ते हसले. म्हणाले, मॅडम, लाट दीड मीटर आहे, तुमच्या पुस्तकात अडीच लिहिलंय, मी इथं उभा राहून समुद्र बघतोय. दीड मीटरला पंप बंद केला तर मालक मला विचारतील की का केला, आणि मी काय सांगू, पुण्याहून एका बाईला भीती वाटली म्हणून? पुण्याहून नाही, येडगावाहून, असं सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांचं काही चुकत नव्हतं. मीच लिहिलेला आकडा ते मलाच वाचून दाखवत होते. हवामान पुढे करून हे जहाज सुटणार नव्हतं.

फोन चालू असतानाच लॅपटॉपवर ग्रुपचा बाराचा आकडा आला. एक मीटर पंचावन्न.

मी पायरीकडे बघितलं. तात्या माझ्याकडेच बघत होते. बारा वर्षांच्या नोकरीत मी एवढी घाबरले नव्हते, आणि भीती समुद्राची नव्हती. पेढे वाटून झाले होते. ज्या गोष्टीसाठी वाटले होते तीच चूक निघाली, हे मला त्यांच्यासमोर, सरळ शब्दांत म्हणायचं होतं.

"कॅप्टन साहेब," मी म्हणाले, "तो अडीचचा आकडा माझा आहे आणि तो चुकीचा आहे. डिसेंबरात साखळ्या सोडल्या तेव्हा पाइपाची लांबी मी तपासलीच नाही. पावणेदोनला पाइप ताणतो. चूक माझी आहे. पंप बंद करा."

पलीकडं त्यांनी कुणाकडून तरी वही मागवली. मग ते म्हणाले, "पूर्ण नाव सांगा. लॉगबुकात लिहायचंय."

मी पूर्ण नाव सांगितलं. मध्ये वडिलांचं येतं, तेही सांगितलं. पायरीवर तात्यांनी मान वर केली. त्यांना हिंदी सगळं कळत नाही, पण आपलं नाव कशाला घेतलं एवढं त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

फोन बंद झाला आणि मला करण्यासारखं काही उरलं नाही. हे सगळ्यात वाईट होतं. हुकूम सुटला म्हणून जहाज सुटत नाही. आधी पंप थांबवायचे, मग समुद्रतळावरचे व्हॉल्व्ह बंद करायचे, मग वरचे तरंगते पाइप जहाजापासून सोडायचे, आणि शेवटी दोर. ठीक चाललं तर दीड तास. घरात रेंज जायला लागली म्हणून मी धरणाच्या भिंतीकडच्या टेकाडावर गेले, तिथं चार काड्या येतात. तात्या मागून चालत आले. त्या गुडघ्यानं एवढ्या उन्हात यायचं काही कारण नव्हतं, आणि मी तसं म्हटलंही, जरा जोरातच. ते बाभळीखाली बसले.

बारा चाळीसला ग्रुपवर दोन शब्द आले. पंप बंद. मी ते तात्यांना वाचून दाखवलं. एकला लाट एक मीटर पासष्ट. मी फोनकडे बघत उभी राहिले. खाली धरणाचं पाणी उतरत होतं आणि काठावर ओल्या मातीचा पट्टा रुंद होत चालला होता. एक दहाला तळाचे व्हॉल्व्ह बंद. आता पाइप तुटला तरी त्यात असेल तेवढंच डिझेल बाहेर येणार होतं, आणि मी पहिल्यांदा खाली बसले. पण बोट अजून तिथंच होती, जहाजही. एक पस्तीसला कुणीतरी लिहिलं की दोर सोडायची कडी अडकली आहे. नंतर पंचवीस मिनिटं काहीच आलं नाही. मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. तिकडं माणसं हातानं काम करत होती, त्यांना माझे प्रश्न कशाला?

"माझ्या ढिलीनं घात केला का गं?" तात्यांनी विचारलं.

त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, ढील बरोबर होती तात्या. नांगर त्या ढिलीमुळेच धरून बसलाय. पाइप मी विसरले. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

दोनला आकडा आला, एक मीटर ऐंशी. पावणेदोनच्या वर. मी उभी राहिले आणि परत बसले. दोन वाजून सहा मिनिटांनी मूरिंग मास्टरांचा स्वतःचा निरोप आला. जहाज सुटलं. बोट परत निघाली, चारही माणसं बोटीत. त्याखाली त्यांनी वेगळ्या ओळीत लिहिलं होतं की शेवटच्या अर्ध्या तासात बोया एवढा सरकत होता की आपण वीस वर्षांत असं बघितलं नाही. मी तात्यांना म्हटलं, सुटलं, आणि रडायला लागले. हुंदके देऊन रडले. तात्यांनी टोपीनं माझ्या तोंडावरचा घाम पुसला, आणि टोपीला सकाळचा चिखल होता तो माझ्या गालाला लागला.

पुढचं लवकर झालं. चौथ्या दिवशी समुद्र शांत झाला आणि पाणबुडे उतरले. तळाच्या जोडापाशी पाइपाची साल वीतभर फाटली होती, आतल्या तारा उघड्या पडल्या होत्या. त्याच संध्याकाळी चौकशीच्या पहिल्या अहवालात लिहिलं गेलं की आत डिझेल चालू असतं तर जोड टिकला नसता, आणि त्याच पानावर लिहिलं गेलं की कारण रचनेतली चूक, पुढे माझं नाव. दोन्ही खरं होतं. रत्ना मॅडमनी आपलीही सही असल्याचं चौकशी करणाऱ्यांना स्वतःहून कळवलं, हे मला दुसऱ्याकडून समजलं. त्या बोयाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. शनिवारी सकाळी सातला मी सवयीनं लाटेची उंची बघायला फोन उघडला, तर मला ग्रुपमधून काढलं होतं.

त्याच सकाळी गोकुळ पुन्हा सांगायला आला. पाणी आणखी पाच फूट उतरलं होतं.

आम्ही काठावर गेलो. मी सवयीनं खुंट्याकडे वळले आणि तिथंच माझं डोकं फिरलं. चार दिवस दाबून ठेवलेला राग होता, तो कुणावर काढायचा हे ठरलेलं नव्हतं आणि समोर तात्या होते. मी म्हणाले, "पंचवीस वर्षं मी हा दोर सोडतेय. तुम्ही मला पाइपाला एकदा हात लावू दिला नाहीत. एकदाही नाही. मला कसं कळणार होतं?"

पस्तीस वर्षांच्या बाईनं आपली चूक बापाच्या माथी मारायची, हे बोलताबोलताच मला कळत होतं. गोकुळ तोंड फिरवून पाण्याकडे बघायला लागला.

"न्हाई लावू दिला," तात्या म्हणाले. त्यांनी उजवा हात पुढे केला. त्यांची करंगळी वाकडी आहे, आडवी वळलेली. मला कळायला लागल्यापासून ती तशीच आहे आणि का, हे मी कधी विचारलं नव्हतं. "ही ह्याच पाइपानं मोडली. जोड सुटला आन् टोक हातावर बसलं. तू तवा पाळण्यात व्हतीस. पुढं मोठी झाली, माझ्यासंगं यायचा हट्ट करायची. म्हनलं, पोरीच्या हातात दोर बरा. पाइप आपुन बघू."

राग आला होता तसाच गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं. मी त्या हाताकडे बघत राहिले. एवढी सगळी वर्षं माझ्या मागच्या बाजूला हा हात पाइपावर होता, आणि मी पाण्याकडे तोंड करून बसलेली.

तात्या खुंट्यापाशी आले, गुडघा धरून हळूहळू खाली बसले आणि दोर आपल्या हातात घेतला.

"जा," ते म्हणाले. "पाइपाकड जा."

मी विचारलं, मोटार? ते म्हणाले, बंद केलीय. लाइट चालू असताना त्यांनी मोटार बंद केलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

मी वेटोळ्याकडे गेले, दगड बाजूला लोटले आणि पाइप उचलला. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट जड होता, आत पाणी भरलेलं होतं आणि हाताला तो सरळ राहत नव्हता. पोटाशी धरून मी त्याचं एक वेटोळं मोकळं केलं, मग दुसरं. पाण्यावर त्याला चांगला झोळ आला तेव्हा मी मागे वळून बघितलं. तात्या दोर धरून माझ्याकडे तोंड करून बसले होते, मी कधी सांगते याची वाट बघत.

"सोडा तात्या," मी म्हणाले. "हातभरच."